फणसाची पेटी

लुआ तांदळाचे पापड करी. चुलीवरच्या हंड्याच्या तोंडाला फडके ताणून बांधायचे, त्यावर पिठाचा पातळ घोळ फिरवायचा, वाफ धरली की बांबूच्या पट्टीने अलगद उचलून तट्ट्यावर पसरायचा. बेन दाऊच्या बाजारात तिचा पापड लोक डोळे मिटून ओळखत, कारण तो कडेलाही मध्याइतकाच पातळ असे. मात्र काम करताना तिचे डोळे हंड्यावर असले तरी कान नदीकडे असत. नदीचा आवाज जरा जड झाला की तिचा हात थांबे आणि पापड फडक्यालाच चिकटून बसे.

शेजारच्या बायका हसत. “अगं, ती नदी आहे, सासू नाही. तिचा आवाज ऐकून उभी काय राहतेस?”

लगेच आतून सासूबाईंचा आवाज येई, “सासूचा आवाज ऐकून ती कधी उभी राहिली आहे? विचारा तिला!”

सासूबाईंचे नाव दाओ. वय नव्वदीला टेकलेले, पाय गेलेले, जीभ शाबूत. मधल्या खांबाजवळच्या बाजेवर त्या बसत. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पानसुपारी. डोक्यावर पूर्वजांचा देव्हारा होता, पाठीमागच्या खोलीत त्यांची पेटी. गावातले लोक नुसते “पेटी” म्हणत. ती त्यांनी जिवंतपणीच तयार ठेवलेली स्वतःची शवपेटी होती.

थु बोन नदीच्या काठी कुणाचे वय काढायचे झाले तर ड्रॅगनच्या वर्षाच्या आधीचा की नंतरचा असे विचारतात. त्या वर्षी आलेल्या पुराला नंतर जोड झाली नाही. लुआ तेव्हा सहा वर्षांची होती. आईबापांबरोबर ती कौलांवर बसली होती. म्हातारी आजी मात्र माळ्यावरच राहिली होती. कौले काढून तिला वर ओढायची होती, पण बापाचे हात गारठलेले, वाशांची जोडणी घट्ट आणि पाणी चढते. आजी आतून काठीने कौलांवर ठोकत होती. ठक, ठक. लुआ बरोबर त्या कौलावर बसली होती. तिला ते ठोके मांड्यांना जाणवत होते. मग ते जाणवेनासे झाले. आई म्हणाली, “आजी दमली असेल.” लुआने ते खरे मानले, कारण ती सहा वर्षांची होती.

त्याच पुरात दाओंच्या घरची सासऱ्यांसाठी तयार ठेवलेली पेटी वाहून गेली आणि पंधरवड्यात सासरे वारले. गावात फळी शिल्लक नव्हती. त्यांना चटईत गुंडाळून पुरले. दाओ तेव्हा तरुण सून होत्या, पण ती चटई त्या विसरल्या नाहीत. साठी उलटताच त्यांनी परसातला फणस तोडायला लावला. त्यांचा मुलगा क्वी, म्हणजे लुआचा नवरा, सुतार. त्याने आईसाठी पेटी केली, सांध्यांत होडीला भरतात ती राळ भरली, वरून लाल रंग दिला. दाओ तिच्यात तांदूळ ठेवत आणि उघडीप असली की तेलाच्या फडक्याने ती पुसत. लेकाने आपले काम मन लावून केले आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

पुढे क्वीच आधी गेला. ताप आला आणि आठवड्यात सगळे आटोपले. दाओंनी आपली पेटी त्याला देऊ केली. ती त्याला पुरली नाही, तो उंच होता. त्यानंतर त्या पेटीबद्दल कुणाला फुशारकीने सांगत नसत, पण पुसणे त्यांनी सोडले नाही.

आता खांबाचे सांगायला हवे. मधल्या खांबावर क्वीच्या वडिलांनी ड्रॅगनच्या वर्षीची पाण्याची रेघ कोयत्याने कोरलेली होती. क्वीने संसार थाटला तेव्हा त्या रेघेच्या हातभर वर माळा बांधला. माळ्याला मधोमध चौकोनी झाकण, वर आढ्याला कप्पी. पाणी आले की सामान आणि माणसे दोरीने वर. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात लुआ रडायला लागली, तेव्हा तो तिला त्या खांबापाशी घेऊन गेला होता. “हे बघ. एवढं आलं होतं. याच्यावर कधी आलेलं नाही. आणि आपण हातभर वर आहोत.” त्या रात्री ती झोपली. त्यानंतरची सगळी वर्षे ती त्या हातभराच्या भरवशावर झोपत आली.

पण पुरात उभे राहून खांबांची बुडे कुजतात. दर दोन-तीन पुरांनी क्वी घर टेकूंवर उचलून धरी, खांबाचा कुजका भाग करवतीने कापी आणि खाली दगडाचा तळखडा सारी. दगड मिळे तसा. कधी कापल्याइतका, कधी जरा कमी. “बोटभर बसलं घर, काय बिघडतं?” तो म्हणे. सगळे गावच असे करी. दरवाजा आता इतका खाली आला होता की मोठ्या माणसाला कमरेत वाकावे लागे. शेजारचा होडीवाला लिएम कपाळ चोळत आत येई. “वहिनी, तुमचं घर माणसाला नम्रपणा शिकवतं.”

“तुला कुणीतरी शिकवायलाच हवा होता,” दाओ म्हणत.

त्या वर्षी गांधीलमाश्यांनी पोळी झाडाच्या शेंड्याला बांधली. म्हणजे पाणी मोठे. दानांगहून लुआच्या लेकीचा, हान्हचा, फोन आला. “आई, आजीला घेऊन इकडे ये. दहावा महिना संपला की जा परत.”

लुआने फोन सासूबाईंच्या कानाला लावला.

“येते की,” दाओ म्हणाल्या. “पण पूर्वजांना कुठं ठेवतेस? टीव्हीवर? आणि पेटी पाचव्या मजल्यावर कशी नेणार, लिफ्टमध्ये उभी करून? लोक म्हणतील, आजी पाहुणी आलीय, सामान घेऊन आलीय.”

हान्ह हसता हसता रडायला लागली. लुआने फोन परत घेतला. “काळजी करू नकोस. रेघ आहे. माळा हातभर वर आहे.” हे सांगताना तिचा हात आपोआप खांबावर गेला होता.

दहाव्या चांद्र महिन्याची तेविशी उलटली की नदी निजली असे मानतात. तोवर माळ्यावरचे सामान कुणी खाली उतरवत नाही. तेविशी तोंडावर आली होती, लोक जरा मोकळा श्वास घेऊ लागले होते, आणि डोंगरात पाऊस लागला. तो थांबेना. वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी अडवायला लागल्यापासून नदीचा स्वभाव कुणाला कळेनासा झाला होता. पूर्वी ती दिवसभर चढायची. आता उजाडताना अंगणात होती आणि न्याहारीच्या वेळेला उंबऱ्यावर आली.

कामे ठरलेली होती. पुढची-मागची दारे सताड उघडायची, म्हणजे पाणी घरातून निघून जाते, भिंतीला भिडत नाही. आधी देव्हारा वर, मग तांदूळ, सुके मासे, हंडा, तट्टे. शेवटी माणसे. लिएम आणि त्याचा भाऊ मदतीला आले. त्यांनी दाओंना चटईच्या झोळीत बसवले आणि कप्पी ओढली.

“अरे हळू! मी काय तांदळाचं पोतं आहे?”

“नाही आजी. पोतं शिव्या न देता वर गेलं.”

पेटी राहिली. ती माळ्यावर ओढायला चार माणसे लागली असती आणि लिएमला गल्लीतली पोरेबाळे काढायची होती. लुआने पेटी रिकामी केली, झाकण दोरीने आवळले आणि क्वीने शिकवले होते तसा तिचा फास मधल्या खांबाभोवती सैल टाकला. पाणी चढले की फास खांबावरून वर सरकतो, पेटी तरंगते पण जात नाही.

“वहिनी, मी येऊन जातो,” लिएम वल्हे उचलत म्हणाला. “पाणी माळ्यापर्यंत थोडंच येतंय!”

मग त्या दोघीच राहिल्या. लुआ माळ्याचे झाकण उघडे ठेवून कडेला पालथी पडली आणि खांबाकडे बघत राहिली. खाली तिचे घर होते, पण ते घर वाटत नव्हते. तपकिरी पाणी पुढच्या दारातून आत येत होते आणि मागच्या दाराने जात होते. बाज बुडाली. चूल बुडाली. रेघ अजून बरीच वर होती. लुआ तोंडाने काही पुटपुटत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते.

“खाली बघून पाणी थांबतं का?” दाओ म्हणाल्या. “पान कुटून दे.”

लुआने पान कुटून दिले आणि परत येऊन पालथी पडली. तेवढ्यात पाणी रेघेच्या वीतभर खालपर्यंत चढले होते.

बाहेरून हाळी आली. लिएमची होडी वळचणीला लागून चालली होती. होडीत माणसे एकमेकांच्या मांडीवर बसली होती, एकीच्या कडेवर तान्हे मूल. माळ्याच्या झरोक्यातून लुआने विचारले, “अजून किती येणार रे?”

“घाबरू नका वहिनी! देवळाच्या दगडी भिंतीवर ड्रॅगनच्या वर्षाची खूण आहे ना, ती अजून छातीइतकी वर आहे. यांना टेकाडावरच्या शाळेत सोडतो आणि येतोच!” प्रवाहाने होडी ओढून नेली.

लुआला हायसे वाटले. ती परत झाकणापाशी आली. खाली पाणी रेघेला लागले होते.

ती बघतच राहिली. देवळावर खूण छातीइतकी वर आणि इथे रेघ बुडते आहे? पाणी तर सगळीकडे एकाच पातळीत असते. मग तिला दरवाजा आठवला, कपाळ चोळणारा लिएम आठवला, टेकू, करवत आणि बोटभर, बोटभर. देवळाची भिंत दगडाची होती, ती जिथे होती तिथेच होती. खांब मात्र दर पुराला खाली बसत आला होता आणि त्याच्याबरोबर रेघही. रेघेबरोबर माळा.

ती झरोक्याकडे धावली. “लिएम! अरे लिएम!” पावसात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. होडी वळणापलीकडे गेली होती.

“काय झालं?” दाओंनी विचारले.

लुआने सांगितले. म्हातारी चघळायची थांबली. मग म्हणाली, “तो म्हणायचा बोटभर. मीही म्हणायचे, काय बिघडतं. म्हातारपणी माणूस वाकतं, घर वाकलं तर काय.” आणि थोड्या वेळाने, “पोराला नावं ठेवू नकोस गं.”

“मी कुठं काय म्हणतेय?” लुआ म्हणाली. तिचे दात वाजत होते.

तेव्हाच तो आवाज आला. पायाखालून. ठक. मग थोडे थांबून, ठक ठक.

लुआ जागच्या जागी बसली. तिच्या मांड्यांना ते ठोके जाणवले. अगदी तेच, तसेच, खालून वर. तिने दोन्ही कान दाबले, पण ते कानाने ऐकू येतच नव्हते. दाओंनी काठीने तिला ढोसले.

“अगं, ती माझी पेटी आहे. तरंगत वर आली आणि फळ्यांना लागतेय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बोलवायला आलीय.”

फळ्यांच्या फटींतून पाणी वर झिरपू लागले. आधी ओल, मग चुळका-चुळका, मग फळ्या दिसेनाशा झाल्या. लुआ उठली. तिने कोयता घेतला, तांदळाच्या पोत्यावर चढली आणि कौले फोडू लागली. रिपा तोडल्या. माणूस जाईल एवढे भगदाड पडले, पाऊस थेट आत आला. मग तिने सासूबाईंच्या काखेत हात घातले आणि उचलायचा प्रयत्न केला. एकदा, परत, परत एकदा. म्हातारी हाडांची मोळी, पण पायांचा आधार नाही. दोघी पाण्यात पडल्या.

“तू वर जा,” दाओ म्हणाल्या.

“नाही.”

“लुआ, ऐक माझं. माझं झालंय सगळं. माणसं बोलणार नाहीत तुला. मी सांगते ना.”

“माणसांचं कोण बोलतंय! मी एकदा कौलांवर बसलेली आहे, आई. परत बसणार नाही.”

आपली सून लहानपणी कुठे होती ते दाओंना ठाऊक होते.

खाली पेटी ठोकतच होती. ठक ठक. लुआने त्या आवाजाकडे पाहिले, आणि मग काय करायचे ते तिला एकदम कळले. तिला त्याचीही भीती वाटली. जिवंत माणसाला पेटीत ठेवू नये, पेटी माणूस ठेवून घेते, हे बेन दाऊत पोरांनाही माहीत असते. सुनेने सासूला स्वतःच्या हाताने ठेवायचे, आणि उद्या त्या खरोखरच नसल्या तर?

पाणी पोटऱ्यांना लागले. लुआने माळ्याच्या झाकणाच्या चौकटीत पाय रोवले आणि काळ्या पाण्यात हात घातला. पेटीचे लाल टोक तिच्या बोटांना लागले. तिने ओढले, तसे ते मगरीच्या तोंडासारखे भोकातून वर आले. लुआ किंचाळली, पण दोरी सोडली नाही. ढोसत, फिरवत, रडत तिने पेटी माळ्यावर घेतली, कोयत्याने दोरी तोडली आणि झाकण उडवले. आतून कोरडी होती. तांदळाचा वास येत होता.

“मी नाही जाणार त्यात!” दाओ ओरडल्या. नव्वद वर्षांत त्या पहिल्यांदा घाबरलेल्या दिसत होत्या. “ठेवून घेईल ती मला!”

“क्वीने केलीय ना? तो तुम्हाला बुडू देईल का?”

दाओंनी दोन्ही हात वर केले, लहान मूल उचलून घ्यायला करते तसे.

पेटी तरंगली. राळ भरलेल्या सांध्यांतून थेंब आला नाही. पाणी लुआच्या गुडघ्यांच्या वर आले, पेटीतली म्हातारी मात्र पाण्याबरोबर आढ्याकडे चढत गेली. आता कुणाला तरी हाक मारायला हवी होती. भगदाडातून अर्धे अंग बाहेर काढले तरच लुआ दिसली असती, आणि तसे केले की सासूबाई दिसणार नव्हत्या.

“आई, काठी घ्या. कौलांवर ठोकत राहा. थांबू नका. ठोके आले की मला कळेल.”

लुआ बाहेर उभी राहून पदराएवढे फडके हलवत होती. सगळीकडे पाणी आणि अधूनमधून घरांची आढी. पायाखाली काठी वाजत होती. ठक ठक. जन्मभर ज्या आवाजाला ती भ्यायली, तोच थांबू नये म्हणून आता तिचा जीव टांगणीला लागला होता.

आणि तो थांबला.

लुआ नुसती खाली कोसळली, भगदाडातून, पाण्यात, पेटीच्या काठाला धरून. आत दाओ डोळे मिटून पडल्या होत्या, हात छातीवर, अगदी ठेवतात तसे. लुआने त्यांना गदागदा हलवले.

दाओंनी एक डोळा उघडला. “काय गं? हात दुखला म्हणून जरा टेकले.”

“आई!”

“ठोकते, ठोकते. मेली, मरायलाही उसंत देत नाही.”

लिएम आला तेव्हा पाणी लुआच्या मांड्यांपर्यंत येऊन थबकले होते. त्याने भगदाडातून डोके घातले आणि समोर लाल पेटीत ताठ बसलेली, काठी उगारलेली म्हातारी पाहिली. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

“आजी... तुम्ही गेलात?”

“गेले असते तर तुझं थोबाड बघायला परत आले असते का? हात दे मेल्या.”

पाणी उतरू लागले तसा गावाने गाळ धुवायला घेतला. उतरत्या पाण्याबरोबरच धुवावा लागतो, नाहीतर तो दगड होतो. लुआ शाळेतून परत आली तेव्हा घर जागेवर उभे होते, दोन्ही दारे उघडीच्या उघडी. मधल्या खांबावर जुनी रेघ होती आणि नवी ओली रेघ तिच्या बरीच वर, माळ्याच्याही वर. देवळात मात्र ड्रॅगनच्या वर्षाची खूण यंदा बुडालीच नव्हती. हे लिएमने घरोघर जाऊन सांगितले. आठवडाभर बेन दाऊतली माणसे आपापल्या दारात उभी राहून कपाळाची आणि चौकटीची उंची बघत होती.

उन्हाळ्यात घराला टेकू लागले. खांबांखाली नवे, उंच तळखडे गेले, माळाही वर गेला. कुणी म्हणाले, जुनी रेघ तासून टाका, नुसती फसवते. दाओ म्हणाल्या, राहू द्या, तिचा काय दोष.

गेल्या पावसाळ्यापासून आठव्या महिन्यातच दाओ माळ्यावर मुक्काम हलवतात. शेजारी पेटी असते, आत तांदूळ. भेटायला येणाऱ्याला त्या सांगतात, “झोपून पाहिलीय मी. डाव्या खांद्याला जरा आवळते. पण पोराने काम चांगलं केलंय.” पान हवे, पाणी हवे की त्या काठीने फळीवर ठोकतात. ठक ठक. खाली लुआ घोळ फिरवत असते. दर वेळी तिचा हात थांबतो आणि दर वेळी ती म्हणते, “आले, आई.”

एखाद्या दिवशी दुपार टळत आली तरी ठोका येत नाही. नदी जड वाजत असते. मग पापड फडक्याला चिकटला तरी चालेल, लुआ चुलीपुढून उठते, हात पुसते आणि शिडी चढू लागते.